केसांवर भांडी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

सुपा,
२ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप छबूआत्यास,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं तर रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. फोन करून उपयोग नाही. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले तर अख्ख्या सुप्याला कळेल. माझा मोबाईल तर घरात सगळ्यांच्याच हातात असतो. थोरल्या जाऊबाई, पंकजाताई, माझे मेसेज माझ्या आधी वाचतात. पत्राला मात्र या घरात कोणी हात लावत नाही. म्हाताऱ्या आत्याच्या पत्रात असून असून काय असणार, असं त्यांना वाटतं. वाटू दे.

आता ऐक. गेल्या आठवड्यात आमच्या चुलत सासऱ्यांच्या, आबासाहेबांच्या मुलीची हळद होती. ऑगस्टमध्ये ओम झाला आणि दिवाळीपासून माझे केस मूठमूठ गळायला लागले. उशीवर केस, पिठात केस, ओमच्या मुठीत केस. आत्याच्या वळणावर गेलेत हिचे केस, म्हणून माहेरी मिरवलेली मी, आणि वेणी राहिली करंगळीएवढी. म्हणून बाजारातून गंगावन आणलं, वेणीत गुंफलं, वर गजरा माळला. पंकजाताई माझ्या मागेच बसल्या होत्या. म्हणाल्या की गजरा तिरका झालाय, सरळ करते. आणि गंगावन धरून असं ओढलं की ते त्यांच्या हातातच आलं. चुकून नाही, आत्या. चुकून आलं असतं तर त्यांनी ते लपवलं असतं. त्यांनी ते वर धरलं आणि बायकांना सांगितलं की बघा गं, आमच्या मोनिकाची शेपटी निसटली.

सगळा मांडव हसला. नवरी हसली. आमच्या सासूबाई, बायडाबाई, तोंडाला पदर लावून हसल्या. कुणीतरी मोबाईलवर शूटिंगसुद्धा केलं. मीही हसले, दुसरं काय करणार होते? घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले की वहिनीला चेष्टेची सवयच हाय, तू कशाला मनावर घेती. मी मनावर घेतलं आहे.

चैत्रात ओमचं जावळ काढायला खंडोबाला जायचं आहे. ह्याच सगळ्या बायका येतील. त्या दिवशी मला माझ्या स्वतःच्या केसांनिशी त्यांच्यासमोर उभं राहायचं आहे, आणि पंकजाताईंची मान खाली गेलेली बघायची आहे. केस कसे परत आणू आणि सूड कसा घेऊ, दोन्ही सांग. विकतचं काही सांगू नकोस. घरात नवी बाटली आली की आधी त्या उघडून हुंगतात. आणि आईला यातलं काही बोलू नकोस, ती नुसती रडत बसेल.

गळलेले केस मी टाकत नाही. केसांवर भांडी देणारी बाई दारावर येते, तिच्यासाठी साठवते. तू विणलेले निळे मोजे ओमच्या पायात ठरत नाहीत, लाथा मारून काढतो. एक पाळण्याला खेळणं म्हणून बांधलाय, दुसऱ्यात केस भरते. मोजा आता टम्म फुगलाय. तो दिसला की माझा राग पुन्हा ताजा होतो.

तुझा लोभ आहेच. तो तरी माझ्या केसांसारखा गळू देऊ नकोस.

तुझी,
मोनिका

—

बेलापूर,
११ डिसेंबर २०२४

चि. सौ. मोनिकास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. चि. ओमचा गालगुच्चा.

पत्र वाचलं आणि दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलं. माझ्या लग्नात आमच्या थोरल्या जाऊबाईंनी भर मांडवात माझी वेणी ओढून खरी आहे का बघितली होती. खरी निघाली. तरी मी अजून विसरलेले नाही आणि त्यांच्या घरचा चहा पीत नाही. तुझी तर खोटी निघाली, म्हणजे तुला किती लागलं असेल ते मला कळतं. त्यांच्यासमोर रडली नाहीस हे फार चांगलं केलंस.

आधी केसांचं. बाळंतपणानंतर केस गळतातच, तू झालीस तेव्हा तुझ्या आईचेही गळले होते. आपोआप थांबतात आणि आपोआप परत येतात. तू फक्त त्यांच्या वाटेत येऊ नकोस. पंकजालाही लेक आहे, तिला हे माहीत असणार. माहीत असून हसली, म्हणून मी तिला सोडणार नाही.

ते गंगावन पहिलं काढून टाक. त्याच्या वजनानं उरलेसुरले केस ओढले जातात. वेणी सैल घाल. कपाळ ताणलं जाईल अशी घट्ट बांधणी रोज केली की कपाळाचे आणि कानशिलाचे केस मुळातून सुटतात. भांग रोज एकाच जागी पाडू नकोस. ओल्या केसांत कंगवा घालायचा नाही म्हणजे नाही. वाळल्यावर आधी टोकाचा गुंता सोडव, मग वर वर ये. तू लहानपणापासून वरून खाली खसकन ओढतेस, त्यावरून माझा किती ओरडा खाल्ला आहेस. डोक्यावर कढत पाणी नको, कोमट घे. टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस, सासूच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घे आणि केस त्यात नुसते गुंडाळून ठेव. कंगवा तुझा तुझा ठेव, धूत जा, त्या घरात कुणाला देऊ नकोस. ओम निजला की तूही नीज, भांडी नंतर घास. आणि जेव. अंगावर पाजणारी बाई तू, सगळ्यांचं झाल्यावर पातेलं खरवडून खायचं बंद कर. डाळ, मेथी, मूठभर शेंगदाणे, घरात जे असेल ते, पण पोटभर. रोज बोटांच्या टोकांनी, नखांनी नव्हे, डोकं हलक्या हातानं चोळ. चोळताना पंकजाचं नाव घेतलंस तरी चालेल, पण जोर लावू नकोस.

चैत्रापर्यंत वेणी कमरेला येईल असं मी सांगणार नाही. पण गळती थांबेल आणि कपाळावर नवे बारीक केस उभे राहतील. बायकांच्या नजरेला ते लगेच दिसतात. जागोजागी चट्टे पडायला लागले तर मात्र डॉक्टरला दाखव, आत्याच्या भरवशावर राहू नकोस.

आता सुडाचं. केस परत येऊ लागले की ती विचारेल काय लावतेस. काही लावत नाही, असं खरं खरं सांग. ती विश्वास ठेवणार नाही आणि जळेल. पुढचं मग बघू.

माया आहे तशी असू दे, आणि राग इतक्यात कमी करू नकोस.

तुझी आत्या,
छबू

—

सुपा,
२१ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
मोनिकाचा सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं सगळं केलं. गंगावन काढलं. कढत पाणी बंद केलं, थंडीत जिवावर आलं पण केलं. सासूबाईंच्या लुगड्याचा तुकडा मागितला तेव्हा त्यांनी विचारलं की ओमची दुपटी कमी पडत्यात का, मी म्हणाले की व्हय. दुपारी ओमबरोबर झोपते. पहिले काही दिवस पंकजाताई मुद्दाम भांडी आपटत होत्या, आता आपटून आपटून दमल्या. आणि आत्या, कंगव्यात केस कमी येतात! कपाळाच्या कडेला लव उगवली आहे. ओम हात फिरवून ती चाचपतो.

पंकजाताईंना ते दिसलं, आणि त्यांनी विचारलंच की काय लावती. मी म्हणाले की कायबी न्हाई. त्यांनी सासूबाईंना सांगितलं की ही लई लपवाछपवी करती. मग माझं कपाट विसकटलेलं सापडायला लागलं. गाद्या उचकटून झाल्या. ओमच्या औषधाच्या बाटल्या हुंगून झाल्या. शेवटी मला वाटलं, बाई एवढी शोधतेच आहे तर तिला काहीतरी सापडू द्यावं.

लोणच्याची छोटी बरणी घेतली. त्यात बेसन, आंबट ताक आणि हळद कालवली, हळद अगदी सढळ हातानं. बरणी पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि पंकजाताई बघतायत अशा वेळी दचकल्यासारखं करून पदराखाली घेतली. दुसऱ्या दिवशी बरणी निम्मी. आणि त्यांचं कपाळ, कान, मान सगळं पिवळं! नवरी हळदीला बसावी तशा स्वयंपाकघरात आल्या. सासूबाईंनी विचारलं की हे काय, तर म्हणाल्या की देवळात गेल्ते, भंडारा लागला. त्यावर सासूबाई म्हणाल्या की आज तर मंगळवार हाय, खंडोबाला कशी गेलीस. मी पीठ मळता मळता हसू दाबत होते, तर ओमच माझ्याकडे बघून हसायला लागला.

त्या स्वतः केस रोज करकचून वर ओढून अंबाडा घालतात. कानशिलं उघडी पडायला लागली आहेत. तुझं पत्र वाचल्यापासून मला त्याचं कारण माहीत आहे. एका वाक्यानं त्यांचं भलं होईल. ते वाक्य मी बोलत नाही. गप्प बसण्यात एवढं सुख असतं हे मला ठाऊक नव्हतं.

एक वाईट झालं. केसांवर भांडी देणारी बाई दारात आली आणि मोजा जागेवर नाही. पंकजाताईंच्या दिशाला विचारलं, तिसरीत आहे ती, तर रडवेली होऊन म्हणाली की म्या न्हाई घेतला काकू. सासूबाई म्हणतात की उंदरानं नेला आसंल. बाई रिकाम्या हातानं गेली, मला हळहळ वाटली.

आत्या, लोभ वाढव, आणि हसून हसून ठसका लागला तर पाणी पी.

तुझी,
मोनिका

—

बेलापूर,
३० जानेवारी २०२५

चि. सौ. मोनिकास,
अनेक आशीर्वाद.

ठसका लागलाच. माझा भागवत मळ्यातून पळत आला, म्हणाला की आई तुला काय झालं. मी त्याला काही सांगितलं नाही, पुरुषांना यातली मजा कळत नाही. तेव्हापासून ताटात हळदीचं काही आलं की मला पंकजाच दिसते.

पण पोरी, तिनं भर मांडवात तुझं हसं केलं आणि तू तिला फक्त सासूसमोर पिवळी केलीस. हे फिटलं असं मला वाटत नाही. अजून चैत्र लांब आहे. डोकं थंड ठेव, वेणी सैल ठेव आणि काहीतरी चांगलं सुचू दे.

ओमला माझी आठवण दे. तुझ्या पुढच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,

छबूआत्या

—

सुपा,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हसायचे दिवस संपले. पंकजाताईंचा अंबाडा भरला! खरंच सांगते. मागच्या महिन्यात सुपारीएवढा होता, आता मुठीत मावत नाही. काल हळदीकुंकवाला सगळ्या बायका त्यांनाच विचारत होत्या की काय केलं. ह्या मानेला झटका देऊन म्हणाल्या की घरचंच हाय, पर कुनाला सांगनार न्हाई. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की काही जनींना लावूनबी गुन येत न्हाई. माझं बेसन, माझं ताक, माझी हळद, माझ्याच बरणीतून चोरलेलं, आणि अंबाडा तिचा फुगला! मी महिनोन्‌महिने कोमट पाण्यानं कुडकुडले आणि माझी वेणी जेमतेम अंगठ्याएवढी. मला रात्रभर झोप नाही, आत्या.

तू म्हणालीस काहीतरी चांगलं सुचू दे. सुचलं. बायका हातापायांचे केस काढायला जे क्रीम लावतात, त्याच्या ट्यूबा आणल्या. ताकात कालवल्या, वास झाकायला भरपूर कापूर घातला, रंगाला हळद. बरणी भरून पिठाच्या डब्यामागे ठेवली. मी काही कुणाला लाव म्हणून सांगितलेलं नाही. जी चोरेल तिनं आपलं आपण बघावं. जावळ ओमचं निघायचं आहे, त्याआधी हिचं निघेल.

पत्र पोचेपर्यंत काय ते झालेलं असेल. आशीर्वाद दे.

तुझी,
मोनिका

—

बेलापूर,
१७ फेब्रुवारी २०२५

मोनिका,

आशीर्वाद या कामाला नाही. पत्र मिळाल्या मिळाल्या बरणी ओतून टाक, विहिरीजवळ नको, गटारीत नको, खड्डा करून पूर. भागवतकडून तुला फोन लावून बघितला, तुझा बंद. घरच्या दुसऱ्या नंबरवर पंकजानंच उचलला, तिला काय सांगणार? भागवत टेम्पो घेऊन तुमच्या सुप्याच्या एमआयडीसीत येतो आहे, त्याच्या हाती हे देते.

ज्या घरात पोरं आहेत तिथं असलं काही ठेवायचं असतं का? डोळ्यात गेलं तर? मला पिवळी पंकजा पाहिजे होती, आंधळी नको होती. भागवतच्या हातीच उलट निरोप दे, तोवर मला घास जायचा नाही.

आत्या

—

सुपा,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,

भागवतदादा ओट्यावर चहा पितायत आणि मी आत बसून लिहिते आहे. तू पत्र लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशीच, रविवारी, सगळं होऊन गेलं होतं.

मी ओमला तेल चोळत होते. मागच्या दारी पायरीवर पंकजाताई बसल्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात दिशा, केस मोकळे सोडून. मला वाटलं नेहमीसारखी न्हाऊ घालतायत. मग बघितलं तर मांडीवर माझी बरणी. बोट आत घालून त्यांनी लेप घेतला आणि दिशाच्या डोक्याला लावला.

ओमला तसाच चटईवर टाकून मी धावले. तेलकट हातानं बरणी ओढली, ती सटकून फरशीवर फुटली. पंकजाताई ओरडायला लागल्या की याड लागलं का तुला. मी दिशाचं डोकं नळाखाली धरलं आणि धूत राहिले. पोर घाबरून रडत होती, डोळे गच्च मिटून. सुदैवानं डोळ्यात काही गेलं नाही. तोवर फुटलेल्या बरणीचा वास वर आला. कापराखालचा खरा वास. तो पंकजाताईंना चांगला माहीत आहे, प्रत्येक लग्नाआधी त्याही तेच क्रीम लावतात. त्यांनी बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दिशाच्या डोक्याकडे. आणि ओरडणं एकदम थांबलं.

सासूबाई आल्या, विचारलं काय फुटलं. पंकजाताई म्हणाल्या की लोनच्याची बरनी हुती, निसाटली. त्या दुसरं सांगू शकत नव्हत्या, कारण मग ती कुणाची हे सांगावं लागलं असतं. मीही काही सांगू शकत नव्हते. आम्ही दोघींनी मिळून काचा वेचल्या.

दिशाच्या उजव्या कानामागे नखाएवढी जागा मोकळी झाली आहे. कातडी लाल झाली होती म्हणून त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं, ते म्हणाले की भाजलेलं नाही, केस येतील. पण मला ती जागा सारखी दिसते. मला वाटलं होतं की त्या चोरून स्वतःच्याच डोक्याला थापतील. आत्या, ह्या बाईनं चोरलेली चांगली वस्तू आधी लेकीला लावली. दिशाचे केस कपाळाकडे विरळ होतायत, शाळेच्या दोन वेण्या त्या रोज अशा आवळतात की पोरीच्या भुवया वर जातात. कारण मला दोन महिन्यांपासून माहीत होतं आणि मी मजा बघत गप्प बसले होते.

मला माझी लाज वाटते. पंकजाताईंचा रागही तेवढाच येतो, तो गेलेला नाही. दोन्ही एकदम कसं काय, ते तू सांग.

भागवतदादा हाक मारतायत. घास गिळ आता.

मोनिका

—

बेलापूर,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मोनिकास,
आशीर्वाद, या वेळी सगळे.

दोन्ही एकदम येतं. मला तर आमच्या जाऊबाईंच्या आजारपणात त्यांना पेज करून नेताना पण राग येत होता. पेज मात्र चांगली केली होती.

सूड सोडून दे असं मी म्हणणार नाही, मला तेवढी मोठी करू नकोस. पण तो पंकजाच्याच पदरात पडला पाहिजे, पोरीच्या नाही. आता आधी दिशाचं बघ. तिचं डोकं रोज सकाळी तू तुझ्या हातात घे. तिच्या आईला विचारत बसू नकोस, आता ती तुला नको म्हणू शकत नाही. कोरड्या केसांवर, खालून वर, सैल वेणी, भांग बदलून. रिबीन आवळायची नाही. मी तुला जे सांगितलं ते सगळं दिशाला मोठ्यानं सांग, स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ऐकायचं तिनं ऐकावं.

आणि चैत्रात माझ्या मोनिकाचं डोकं कुणापुढे खाली जाता कामा नये. माझा गुडघा साथ देत नाही, मी येणार नाही. तिथलं सगळं कळव, काही गाळू नकोस.

तुझ्यावर रागावून पण तुझीच,
छबूआत्या

—

सुपा,
२० एप्रिल २०२५

ती. छबूआत्यास,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी ओमचं जावळ निघालं. काही न गाळता सांगते.

सकाळपासून घर बायकांनी भरलं होतं. आबासाहेबांकडच्या सगळ्या, हळदीला हसलेल्या त्याच. मी गंगावन घातलं नव्हतं. माझी वेणी काही फार मोठी नाही, पण माझी आहे, आणि कपाळावर नव्या केसांची झालर उभी आहे. एकीनं विचारलं की काय लावती गं. मी म्हणाले की कायबी न्हाई. तिचा विश्वास बसला नाही.

टेम्पो यायला वेळ होता म्हणून मी भिंतीला टेकून दिशाची वेणी घालत बसले. फेब्रुवारीपासून ती रोज सकाळी कंगवा घेऊन माझ्याकडे येते. कानामागची जागा भरून आली आहे. ती बायकांना सांगायला लागली की काकू वढीत न्हाई, आई लई वढती, माझं डोस्कं दुखायचं. सासूबाईंनी तेवढ्यात पंकजाताईंना फर्मावलं की तूबी बस मोनिकाफुडं, सकाळधरनं डोस्कं धरून हिंडतीयास, तो आंबाडा तरी ढिला करून घे. पंकजाताई नको नको म्हणाल्या. पण एवढ्या बायकांसमोर सासूला किती वेळा नको म्हणणार? माझ्या पुढ्यात येऊन बसल्या. एक हात अंबाड्यावरच होता. मी तो बाजूला केला.

माझ्या मागे भिंत होती. बायका सगळ्या पंकजाताईंच्या तोंडासमोर. मी आकडे काढले, अंबाडा उलगडला, आणि आत्या, माझ्या हातात ओमचा निळा मोजा आला. तू विणलेला. तस्साच टम्म, माझ्या केसांनी भरलेला. माझ्याच गळलेल्या केसांवर ही बाई महिनोन्‌महिने मानेला झटके देत हिंडत होती! आणि त्याच अंबाड्याच्या रागानं मी ती बरणी भरली होती.

फक्त हात वर करायचा बाकी होता. त्यांनी माझं गंगावन धरलं होतं तसा. बायकाही त्याच. पंकजाताईंना कळलं होतं की मोजा माझ्या हातात आहे. त्यांची मान दगडासारखी ताठ झाली होती, त्या हलतही नव्हत्या, वाट बघत होत्या. मला ते फार आवडलं, खोटं कशाला सांगू? मी त्यांना जरा वाट बघू दिली.

पण दिशा समोर बसली होती, नव्या रिबिनी लावून, आईकडे बघत. बायका हसल्या असत्या तर ती एकतर हसली असती नाहीतर रडली असती, आणि मला दोन्ही बघायचं नव्हतं. मी मोजा ओटीत घेतला आणि वर पदर ओढला. मग त्यांचे होते नव्हते ते सगळे केस मुठीत धरले आणि एकदाच, अगदी मुळापासून, असे ओढले की त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या आई गं म्हणाल्या. बायकांनी विचारलं काय झालं. म्हणाल्या की कायबी न्हाई, गुत्ता हुता.

मग मी त्यांची वेणी घातली. खालून वर गुंता काढला, भांग बदलला, कानशिलं मोकळी सोडली, तू शिकवलंस तसं. वेणी करंगळीएवढी झाली. कुणीतरी विचारलंच की आंबाडा एवढा मोठा अन्‌ येणी एवढीशी कशी. मीच सांगितलं की सैल घातली की अशीच दिसती.

निघताना आतल्या खोलीत मी मोजा रिकामा केला, झटकला, पाळण्याला बांधलेला दुसरा सोडला आणि दोन्ही ओमच्या पायात चढवले. लहान झालेत, जेमतेम टाचेपर्यंत आले. खंडोबाच्या पायरीवर मामाच्या मांडीवर बसून ओम जावळ काढू देईना, नुसता लाथा झाडत होता. ते दोन निळे पाय सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. सासूबाई म्हणाल्या की एवढ्या उन्हात लोकरीचं मोजं कशाला, आन् हरवलेला कवा घावला. मी पंकजाताईंकडे बघून मोठ्यानं सांगितलं की घरातच हुता, कुनीतरी उबेला ठिवला हुता. त्यांची मान खाली गेली. न्हाव्यानं शेवटचा वस्तरा फिरवेपर्यंत ती वर आली नाही. ओमचं डोकं आता तुळतुळीत झालंय, आणि घरात सगळ्यात थंड डोकं त्याचंच आहे.

काल दुपारी पंकजाताई ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या की वल्या केसात कंगवा घालू नये का. मी म्हणाले की घालू नये. तेवढंच बोलणं झालं.

तुझा गुडघा सांभाळ. माझ्यावर जीव आहे तो असाच राहू दे, घट्ट न आवळता.

तुझी,
मोनिका

ता. क. आज केसांवर भांडी देणारी बाई आली होती. मोज्यातले केस मी तिला दिले, त्यावर तिनं चहाची गाळणी दिली. बारीक जाळीची आहे, चांगली आहे. उद्यापासून पंकजाताईंचा चहा मी तिच्यातूनच गाळणार आहे, आणि गाळणी कुठून आली हे त्यांनी विचारेपर्यंत सांगणार नाही.